बिनचिंचेचं वरण आणि मोहाचा वास

गुरुजी,

एक तक्रार नोंदवायची आहे, आणि ती ऐकून घेण्याइतकी फुरसत सध्या तुमच्याखेरीज कुणालाच नाही. आमच्या घरातल्या वरणानं संन्यास घेतला आहे. गेल्या उन्हाळ्यापासून त्यात चिंच नाही, लिंबाची फोड नाही, कैरीचं नखसुद्धा नाही. परसात अंबाडी माजली होती, ती उपटून शेजारच्या गाईपुढे टाकली गेली; ती गाय हल्ली मला माझ्यापेक्षा सुखी दिसते. ताक आंबायच्या आत संपवायचं, नाहीतर झाडाला घालायचं. चिंचेच्या सारावर ज्याची अर्धी शब्दरूपावली पाठ झाली, तो मी, पिवळं कोमट पाणी भातावर ओततो आणि विरक्त माणसाचा चेहरा करून गिळतो. तुमच्या संगतीनं लागलेल्या तपकिरीनं तोंडाची चव आधीच अर्धी नेली आहे. जिभेपर्यंत पोचणारं असं एक आंबटच काय ते उरलं होतं. तेही गेलं. आणि हे सगळं तुमच्या नावावर चाललं आहे, म्हणून तक्रार तुमच्याकडे. मी चिंच मागितली की बायको म्हणते, "तुमचे गुरुजी असते तर त्यांनी पहिल्यांदा आंबटच तोडलं असतं." असतं का, कोण जाणे. तुम्ही रोग्यांना पथ्य सांगत होता आणि ते अंगणाबाहेर पडले की गुळाचा खडा तोंडात टाकत होता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, म्हणून थोडं मागचं सांगतो. मी कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावात शाळामास्तर आहे. चामोर्शीला तुमच्या पडवीत बसून जे संस्कृत शिकलो, त्याचा इथं उपयोग एवढाच की कुणाच्या घरी सत्यनारायण असला की ब्राह्मण शोधायला लांब जावं लागत नाही. घरी बायको आणि एकुलती एक मुलगी, सोळा वर्षांची. मुलगी या गावातच वाढली, म्हणून आईशी पुस्तकातल्यासारखं बोलते आणि मैत्रिणींशी बोलताना "मले", "तुले", "काऊन" सुरू होतं. माझ्याशी जेव्हा ती "मले" म्हणते, तेव्हा समजायचं की भांडण आहे. सध्या रोज म्हणते.

गेल्या वर्षी मोहाचे दिवस होते. तुम्हाला ते दिवस सांगायला नकोत. गाव अंधारातच टोपल्या घेऊन झाडांखाली जातं, दुपारपर्यंत अंगणाअंगणात फुलं वाळत पडतात, आणि पंधरा-वीस दिवस माणसं, गुरं, भिंती, अंथरुणं सगळ्यांना तोच एक गोड, जड वास असतो. पोरगी मैत्रिणींबरोबर वेचायला जात होती. त्याआधी महिनाभर ती वाळत चालली होती. सारखं पाणी पीत होती. माठ भरून भरून तिच्या आईचे हात दुखायचे. आई म्हणायची, ऊन आहे. मी म्हणायचो, वय आहे. मग एक दिवस ती टोपली अर्धी टाकून घरी आली, ओकली, आणि भिंतीला टेकून बसली. तलावावर मासे मारणाऱ्या घरची एक म्हातारी आमच्याकडे येऊन-जाऊन असते. ती ओसरीवर आली, पोरीजवळ वाकली आणि हसली.

"बाई, पोरीच्या तोंडाले मोहाचा वास येऊन राह्यला. पोट्ट्यायनं पाजली काय इले?"

तिच्या आईनं वास घेतला आणि कपाळावर हात मारला. मास्तरची मुलगी! पोरगी म्हणत होती, "नाही प्याले गं, फुलं पण नाही खाल्ली," पण बोलणं जड, डोळे मिटलेले, तोंडाला वास. याहून मोठा पुरावा गावात कुणी मागत नाही. मोहाच्या दिवसांत मोहाचा वास आला तर तो कुठून आला हे विचारणारा माणूस इथं वेडाच ठरेल. मग उतारा सुरू झाला. चढलेली उतरवायला आमच्याकडे चिंचेचं पाणी देतात, आणि ते घशाखाली जावं म्हणून त्यात गूळ कालवतात. पेल्यामागून पेला गूळपाणी तिच्या पोटात गेलं. म्हातारी पाय चोळत म्हणत होती, "सावकास श्वास घे वं माय, घाई काऊन करतं?" मीही म्हणालो, सावकाश घे.

पण ती घाई नव्हती, गुरुजी. मी पाहत बसलो तेव्हा लक्षात आलं. श्वास खोल होता, एकसारखा होता, लोहाराच्या भात्यासारखा. खांदे वर जात होते, खाली येत होते, मध्ये विसावा नव्हता. धावून आलेल्या माणसाचा श्वास थोड्या वेळानं बसतो. हा बसत नव्हता. आणि हा श्वास मी आधी एकदा पाहिला होता. तुमचा, तुमच्या अखेरच्या दिवसांत.

तुमच्या स्वयंपाकघरात एकदा एक रोगी आला होता, आठवतं? तुम्ही चुलीपाशी काढा ढवळत होता. मी नुकताच निदानाचा श्लोक पाठ केला होता आणि तो म्हणून दाखवायची मला कोण घाई! त्या माणसाकडे न बघताच मी सुरू झालो. तुम्ही पळी माझ्या हातावर मारलीत आणि म्हणालात, "गाढवा, श्लोक कुठं पळून जात नाही. श्वास जातो. आधी तो बघ." हाताला काढा लागला होता, दोन दिवस डाग होता. नंतर तुम्हालाच वाईट वाटलं असावं, कारण त्या आठवड्यात तुमची संध्येची जुनी पंचपात्री मला देऊन टाकलीत. पळी लागल्याबद्दल नाही, शिकल्याबद्दल, असं म्हणालात. खोटं होतं, पण गोड होतं.

त्या दिवशी मी श्लोक म्हटला नाही. सागवानाची लाकडं घेऊन एक ट्रक गावाबाहेर उभा होता. त्याच्या ड्रायव्हरचे पाय धरले, पोरीला पुढे त्याच्या बाजूला आईच्या मांडीवर निजवलं, आणि वडशाच्या स्टेशनावर गाडी धरली. रस्ताभर ड्रायव्हर नाक मुरडून मला म्हणत होता, "मास्तरजी, बच्ची को इतनी किसने पिलाई?" नागपूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं दारातच तिच्या तोंडाशी नाक नेलं, आणि तो हसला नाही. तो वास घेऊन दारूचं नाव न काढणारा तो पहिला माणूस. त्यानं नर्सला हाक मारली आणि मला विचारलं, "हिला साखरेचा आजार आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

ती वाचली. सलाईन, इन्सुलिन, आणि तिचं नशीब. दोन दिवसांनी डोळे उघडून तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "मी प्याले नव्हते." आई तेव्हा जी रडायला लागली ती नर्सनं बाहेर नेईपर्यंत.

मग त्या डॉक्टरनं मला बसवून समजावलं. तुम्हाला आवडला असता तो. उद्धट होता, पण नीट शिकवत होता. म्हणाला, रक्त नेहमी किंचित क्षाराच्या बाजूला झुकलेलं असतं, त्यांच्या मोजणीत सातच्या थोडं पुढे, आणि शरीर त्याला तिथून केसभरही हलू देत नाही. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींना जाळता येत नाही. घरात धान्याचं कोठार आणि किल्ली हरवलेली. मग शरीर स्वतःची चरबी जाळतं, आणि त्या जळण्यातून आम्लं तयार होतात. तो मोहासारखा वास त्याच जळण्याचा. मी विचारलं, मग इतके दिवस रक्त टिकलं कसं? तो जे बोलला ते मी आपल्या झाडीपट्टीतल्या तलावांच्या भाषेत मनात बसवून घेतलं, आणि त्यालाही तसंच ऐकवलं. तलावात अचानक जास्त पाणी आलं की पहिल्यांदा तळाची माती ते पिते. तसा रक्तातला क्षार आम्लाला तिथल्या तिथं पिऊन टाकतो. मग सांडव्यावरून पाणी वाहू लागतं. क्षाराला आम्ल भेटून जो वायू होतो तो श्वासावाटे बाहेर जातो. आणि खालच्या दारातून पाणी सावकाश, दिवसचे दिवस उतरत राहतं. ते काम मूत्रपिंडांचं. "तुमची मुलगी धापा टाकत नव्हती," तो म्हणाला, "ती सांडवा वाहता ठेवत होती. तो श्वास म्हणजे आजार नव्हता, आजाराशी लढाई होती. आणि तुम्ही लोक तिला सावकाश घे म्हणत होतात." मी म्हटलं, आणि पाऊस थांबलाच नाही तर? "तर पाळ फुटते. म्हणून सुई. सुईनं पाऊस थांबतो."

गुरुजी, मी तिथं बाकावर बसून तुमच्यावर चिडलो. तुमच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही असाच भाता चालवत होता आणि चामोर्शीतली माणसं लांबून लांबून हात जोडत होती. गुरुजींचा प्राणायाम चालू आहे, असं म्हणत होती. खोलीला पिकल्या फळांचा वास होता असं सगळे म्हणत, आणि लोकांनी इतकी केळी आणून ठेवली होती की त्यात नवल कुणाला वाटावं? मोरीत मुंग्यांची रांग लागायची, आणि तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं की मुंग्या गोड लघवीच्या मागे येतात. मी एकदा बोट दाखवलं तर म्हणालात, "येऊ दे, त्यांनाही विद्येची गोडी लागली." म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! ठाऊक होतं आणि गूळ खात होता. निदान मला तरी सांगायचं होतं, की हा श्वास लक्षात ठेव, याला समाधी म्हणू नकोस. हे रागावणं न्यायाचं नाही, मला कळतं. तेव्हा सुई इथवर पोचली नव्हती आणि सांगून तुम्ही काय मिळवलं असतंत? पण न्यायानं रागावता आलं असतं तर माणसानं मेलेल्यांना कशाला पत्रं लिहिली असती?

आता घरी सगळं रीतसर चाललं आहे, म्हणजे रोज भांडण होतं. इन्सुलिनची बाटली नागपूरहून येते, ती ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवतो. काचेची पिचकारी आणि सुई तुमच्या पंचपात्रीत उकळतो. पहिल्या दिवशी बायकोनं कानावर हात ठेवले होते; मी म्हटलं, ज्या भांड्यातून गुरुजी आचमन करून आयुष्य मागत होते त्यातूनच आपण मागतो आहोत, फरक काय? आंबट बंद होण्याचं मूळ मात्र पोरीच्या हुशारीत आहे. दवाखान्यातून आल्यावर तिनं आईला समजवायला वाटीत खायचा सोडा घेतला आणि त्यावर लिंबू पिळलं. फसफस फेस आला. "बघ आई, हे लिंबू म्हणजे माझ्या रक्तातलं आम्ल, हा सोडा म्हणजे क्षार, आणि हा फेस म्हणजे माझा श्वास."

आईनं पिळलेली फोड दोन बोटांत धरून लांब केली. मग म्हणाली, "म्हणजे लिंबू वाईटच की गं."

त्या संध्याकाळी घरातली सगळी लिंबं गेली. डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं की खाल्लेल्या चिंचेचा याच्याशी काही संबंध नाही, पोटात मुळात तिच्याहून जहाल आम्ल असतं. मी ते घरी किती वेळा सांगितलं! मला उत्तर मिळतं, "पुरुषांना काय, जिभेचे चोचले." गूळ मात्र मनातून गेलेला नाही. गूळ पौष्टिक, गूळ देवाला चालतो, आणि "एवढासा खडा दिला तर काय होतं, पोर किती वाळली आहे!" म्हातारी तर उघड विचारते, "सुई टोचून टोचून पोरीले चाळणी करून राह्यला मास्तर तुमी. लगन कोन करन तिच्यासंग?" मी फळ्यावर तलाव काढून चौथीच्या वर्गाला हे समजावू शकतो. माझ्या स्वयंपाकघराला समजावू शकत नाही.

आणि मग आली महाशिवरात्र. तुमच्या मार्कंड्याच्या जत्रेची. पोरीनं उपास धरला. मी नको म्हटलं तर दोघी माझ्यावर तुटून पडल्या, की एवढी शिकलेली माणसं नास्तिकच होतात. सुट्टी असूनही मी दिवसभर शाळेच्या कामात होतो, रात्री उशिरा घरी आलो. सुईची वेळ झाली तेव्हा आईनं विचार केला, आणि तो विचार कुठल्याही नैयायिकाला शोभेल असा होता: आज पोटात अन्न नाही, अन्न नाही तर साखर नाही, साखर नाही तर सुई कशाला? सकाळची सुई चुकली, संध्याकाळची चुकली. मला कुणी सांगितलं नाही आणि दिली असेल असं मी गृहीत धरलं. डॉक्टरचे शब्द होते, उपास असो, ताप असो, सुई थांबवायची नाही. उपाशी शरीर तर स्वतःला आणखीच जाळतं. दुसऱ्या दिवशी आई तिची वेणी घालत होती. मध्येच हात थांबला. "अहो," ती आतून ओरडली, "हिला तो वास येतोय!" मी धावलो. खांदे हलायला लागले होते. पिचकारी उकळायला ठेवली. सुई, मीठ घातलेलं पाणी, पुन्हा सुई, डॉक्टरनं लिहून दिल्याप्रमाणे. दुपार कलली तेव्हा श्वास उथळ झाला आणि तिला भूक लागली. मी तिच्या आईला काय काय बोललो ते तुमच्यापुढे लिहिण्यासारखं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "वास मलाच आला ना पण?"

आला. तिलाच आला. तेव्हापासून रोज सकाळी आई पोरीच्या तोंडाचा वास घेते. लघवी तापवून तिचा रंग बघण्याचं औषध आहे आमच्याकडे, पण ते साखर सांगतं, आम्ल सांगत नाही. आम्लाची बातमी देणारं या घरात एक नाकच आहे. पोरगी वैतागते. "मी काय दुधाचं पातेलं आहे, नासलं का म्हणून हुंगायला?" आई नदीवर किंवा माहेरी गेली असली की ती माझ्यापुढे येऊन उभी राहते, तोंड उघडते आणि म्हणते, "घ्या बाबा, परीक्षा घ्या."

आता फाल्गुन लागला आहे. काल ती म्हणाली, "बाबा, मैत्रिणी वेचायला जाऊन राह्यल्या. मले बी जायचं आहे." मी नाही म्हटलं. "काऊन? मी काय मेली आहे?" गावात पहिली फुलं पडली आहेत. दोन-चार दिवसांत अंगणं भरतील, आणि सगळ्या गावाच्या तोंडाला तिच्या आजाराचा वास येईल. तिच्या आईचं नाक कितीही चांगलं असलं तरी त्या वासातून ती हा वास वेगळा कसा काढणार? मी तिला एवढंही विचारलेलं नाही. विचारलं तर घाबरेल.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. हा कागद उद्या पंचपात्रीखाली जाळायला घेईन. पण जे घरात सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगतो. ती तोंड उघडून उभी राहते ना, तेव्हा मी वाकतो, डोळे मिटून, मोठ्या विद्वानासारखा वास घेतो, आणि "ठीक आहे" म्हणतो. मला वास येत नाही, गुरुजी. तपकिरीनं नाक केव्हाच नेलं; काहीच येत नाही. त्या ट्रकात आला नव्हता, शिवरात्रीनंतर आला नव्हता. तुमच्या खोलीतही मला केळी नुसती दिसली होती. मोहाच्या या दिवसांत तिच्या आईलाही येणार नाही, आणि मग माझ्यापाशी उरेल तो फक्त तिचा श्वास. तो मी बघतच असतो. पण तुमचा श्वास मी दोन दिवस बघत बसलो होतो, आणि मला वाटलं होतं की तुम्ही शांत आहात.

हा श्वास मला वेळेत ओळखू येईल की नाही, मला माहीत नाही.